आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राचा रिव्ह्यू : साडेतीन स्टार

मॅपवर आमच्या उपकेंद्राची पिन नाल्याच्या पलीकडं कोणाच्यातरी तुरीच्या वावरात पडली आहे, ती धरून जाऊ नका. फाट्यावरून गावात शिरलं की झेडपीची शाळा, शाळेमागं पाण्याची टाकी, टाकीच्या बाजूची पिवळी बिल्डिंग, तेच. आतापर्यंत त्याला एकच रिव्ह्यू होता, एक स्टार, अन् खाली "नेहमी बंद राहते". लिहिणारा आमच्याच गावचा जवाई आहे, पुण्याला राहते, दिवाळीत आला तेव्हा पोराला ताप होता अन् नेमकं भाऊबीजेला कुलूप दिसलं. त्याचं खोटं नाही, कुलूप होतंच. पण गावाबाहेरचा माणूस तो एक स्टार वाचून उद्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, बारा किलोमीटर जाईन अन् इथली सिस्टर रिकामी बसून राहीन, म्हणून मी लिहून राहिलो. लांब होईन, चहा घेऊन बसा.

मी गावात सेतू चालवतो. सातबारा, पीकविमा, आधारची झेरॉक्स, पोट्ट्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म. त्यामुळं गावात कोण कोणावर विश्वास ठेवते अन् कोणावर नाही हे मला बसल्या जागी समजते, लोक खुर्चीत बसून ओटीपी यायची वाट पाहतात अन् बोलत राहतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उपकेंद्र म्हणजे डॉक्टरचा दवाखाना नाही. सरकारचा हिशोब असा की मैदानी भागात ५००० लोकांमागं एक उपकेंद्र, आदिवासी भागात ३००० मागं, अन् पीएचसी ३०,००० किंवा २०,००० मागं. आमच्याकडं एक सिस्टर म्हणजे एएनएम, एक आरोग्यसेवक भाऊ जे बहुतेक गप्पीमासे अन् पाण्याच्या नमुन्यांत असतात, दोनेक वर्षांपासून एक सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम, अन् हजारेक लोकांमागं एक आशाताई. आमच्या उपकेंद्राखाली आमचं गाव, एक बंजाऱ्यांचा तांडा अन् टेकडीवरचं कोलाम आदिवासींचं पोड म्हणजे वस्ती येते. बिल्डिंगला मी अडीच स्टार देतो. सिस्टर अन् आशाताईला पाच. सरासरी काढता काढता साडेतीनवर आलो, कारण मधात इतर भानगडी आहेत.

दुकानाचा माल सणाच्या गर्दीत समजते, तसं आम्हाला हे उपकेंद्र कोरोनात समजलं. म्हणून रिव्ह्यू तिथूनच सुरू करतो.

एक गोष्ट शहरातल्या लोकांना माहीत नाही. आमच्याकडं आधी डंडा आला, मग रोग आला. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा आमच्या गावात एकही पेशंट नव्हता, अन् नंतरही कितीतरी दिवस नव्हता. पण रस्त्याला बल्ल्या आडव्या, फाट्यावर पोलीस, पुण्याहून मुंबईहून पायी अन् ट्रकमधी आलेली आपलीच पोरं शाळेत चौदा दिवस बंद, त्यांच्या मायबहिणी दुरून डबा ठेवून जाऊन राहिल्या, कोणाच्या घरी पॉझिटिव्हचा संशय आला की दारावर कागद चिटकवलेला, त्या घरचं दूधही कोणी घेईना. दारावरचे कागद तर पुढं सुप्रीम कोर्टानंच डिसेंबर २०२० मध्ये वरून तसा आदेश असल्याशिवाय चालणार नाही म्हणून सांगितलं, पण तोपर्यंत आमच्या वरच्या वेटाळातल्या दोन घरांचं बोलणं बंद झालं ते आजही सुरळीत नाही. म्हणजे गावाजवळ जेवढा विश्वास शिल्लक होता तो सगळा पहिल्या सहा महिन्यांत खर्च झाला, अन् तेही रोग नसताना. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला अन् आमच्या यवतमाळमध्ये पेशंट वाढले, अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून परत लॉकडाऊन लागलं, तेव्हा पारावर लोक म्हणत, "मागच्या वर्षीबी असंच म्हनत होते, कोनाले काय झालं?" अन् यावेळेस खरंच झालं.

त्याच्या आधी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० ची "माझे कुटुंब माझी जबाबदारी" मोहीम. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर. ज्यानं तारखा ठरवल्या त्याच्या घरी सोयाबीन नसणार. सोयाबीन कापणीवर, मळणीवाल्याचा नंबर लागलेला, पऱ्हाटी फुटायला आलेली, अन् आशाताई दारोदार तापमापक अन् ते ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं मशीन घेऊन. ताप आहे म्हटलं की गाडी येते, घर बंद, मजूर येत नाही, शेंगा वावरात फुटतात. मग कोण सांगन ताप आहे म्हणून? सगळं गाव ठणठणीत. आशाताईला हे दोन दिवसांत समजलं अन् तिनं वेळच बदलली. सकाळी टीम असायची, कागद भरायची, मोबाईलवर माहिती टाकायची, अन् संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला ही एकटी, कागद नाही काही नाही, "काकू, भाकर झाली का" म्हणत ओट्यावर बसायची. तेव्हा खरे ताप बाहेर यायचे. नाव वर कळवायचं तेव्हा कळवायची, पण आधी घरच्यांना सांगून, पाठीमागून नाही. हे मला नंतर चार-पाच घरांतून एकाच शब्दात ऐकायला आलं, "तिनं आमाले इचारून नाव देल्लं."

आता लसीचं.

१६ जानेवारी २०२१ ला देशात लस सुरू झाली, आधी दवाखान्यातल्यांना, मग १ मार्चपासून ६० च्या वरचे, अन् ४५ च्या वरचे पण बीपी-शुगरवाले, १ एप्रिलपासून ४५ वरचे सगळे. मधात ३१ जानेवारीला आमच्याच जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पोलिओच्या डोसाच्या जागी १२ लेकरांना सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं बरी झाली, कारवाया झाल्या, पेपरात आलं, टीव्हीवर आलं. पण तुम्ही विचार करा, जिल्ह्यातल्या मायबायांना तुम्ही कोणत्या तोंडानं सांगणार की सरकारी बाटलीत जे आहे ते बरोबरच आहे? आमच्या सेतूत एक आजी मला म्हणाली, "पोलिओचं वीस साल झाले देऊन राह्यले तरी असं झालं, हे तं नवंच हाय." मला उत्तर सुचलं नाही. सिस्टरला सुचलं. म्हणजे उत्तर असं काही नाही, तिनं पहिल्या दिवशी बाटलीच लोकांच्या हातात दिली. हे नाव वाचा, ही तारीख, हे पुण्याला सीरमनं बनवलं, हे थंड डब्यातून आलं, २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागते, एका बाटलीत दहा लोकांचे डोस. ज्याला वाचता येते त्यानं मोठ्यानं वाचलं. मॅट्रिक फेल पोट्टा होता, त्याची छाती फुगली. पुढं दर कॅम्पला कोणीतरी बाटली वाचायचंच, रिवाजच पडला.

बाटलीवरून भांडणंही झाली, तेही सांगतो, रिव्ह्यू आहे. कोविशिल्डची बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागायची. त्यामुळं तीनच जण आले असले की सिस्टर म्हणायची थांबा, आणखी येऊ द्या. लोकांना वाटे ही कामचोरपणा करून राहिली, किंवा आपल्या माणसासाठी राखून ठेवते. एका काकाजींनी तर सरपंचाला फोन लावला. नंतर तिनं खडूनं फळ्यावरच लिहिलं, "१० जण झाले की बाटली उघडते. आता ६." अन् नवीन माणूस आला की आकडा पुसून बदलायची. गंमत अशी की त्यानंतर बसलेले लोकच बाहेर जाऊन माणसं धरून आणायचे, स्वतःचा नंबर लवकर लागावा म्हणून. अन् शेवटी दोन-तीन डोस उरले की आशाताई पळत कोणाच्या तरी घरी, पीठ भरल्या हातानं बाया यायच्या.

ज्या गोष्टीसाठी मी पाच स्टार देतो ती ही. लागन, दुखन, ताप येईन, हे आशाताई आधी सांगायची. गाडीवरच्या भोंग्यावर जे वाजत होतं त्यात लस सुरक्षित आहे, लस घ्या, घाबरू नका, एवढंच. आशाताईचं उलटं. "ताप येईन. आंग ठनकन. हात वर नाई होनार. दोन दिस वावरात जाता येनार नाई. ज्याले नाई जमत त्यानं पुढच्या कॅम्पले या." मला पहिल्यांदा वाटलं अशानं कोण येणार. पण मजुरी करणाऱ्या बाईचा प्रश्न मरणाचा नव्हताच, दोन दिवसांच्या रोजाचा होता. तो प्रश्न भोंग्यावाल्याला कधी दिसला नाही. मग यांनी कॅम्पच बाजाराच्या आदल्या दिवशी ठेवायला लावला. बाजाराच्या दिवशी आमच्याकडं मजूर कामाला जात नाहीत, म्हणजे ताप आला तरी सुट्टीच्या दिवशीच आला. पीएचसीतल्या साहेबांना हे पटवायला तिला किती फोन करावे लागले ते तिलाच माहीत. कॅम्पची वेळही सकाळी लवकरची घेतली, कारण नऊनंतर गावात म्हातारे अन् कुत्रे एवढेच उरतात.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी. "आला का ताप?" पॅरासिटामॉलची पत्ती हातात. आला म्हटलं की "सांगतलं होतं ना". ज्यांना ताप नाही आला तेच उलटे घाबरले, एक बुढा सेतूत येऊन म्हणे, "मले काहीच नाई झालं बाप्पा, पानीच टोचलं का काय?" त्याला परत आशाताईनंच समजावलं की प्रत्येकाच्या आंगाला वेगळं असते.

टोचल्यावर अर्धा तास बसायचं असते. लोक बसत नव्हते, मागच्या दारानं पळायचे. ग्रामपंचायतीनं निंबाखाली चहा ठेवला, तर बसायला लागले, इतके की उठेनात.

व्हाट्सअपचं तर विचारूच नका. फ्रान्सच्या कोण्या नोबेलवाल्या शास्त्रज्ञाचं नाव लावून एक मेसेज मे २०२१ मध्ये फिरला की लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरतीन. त्या माणसानं असं म्हटलंच नव्हतं, सरकारनंही खोटं म्हणून सांगितलं, पण खोटं म्हणणारा मेसेज कोण फॉरवर्ड करते. ती दोन वर्षं २०२३ लाच संपली, ज्यानं आमच्या ग्रुपवर टाकला होता तो या वर्षी ग्रामपंचायतीला उभा राहायचं म्हणून राहिला. मग जूनमध्ये नाशिककडचा एक व्हिडिओ, लस घेतली अन् आंगाला चमचे-नाणे चिकटायला लागले. आमच्या पोट्ट्यांनी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या ओट्यावर शर्ट काढून सगळ्यांच्या आंगाला चमचे लावून पाहिले. घामेजल्या आंगाला लस न घेतलेल्यांच्याही चिकटले. विषय तिथंच खलास. कोणत्याही तज्ज्ञानं एवढं स्वस्तात समजावलं नसतं.

पोडावर मात्र चमच्यानं भागलं नाही. कोलाम लोक तसे कोणाच्या अध्यातमध्यात नाहीत, पण बाहेरून गाडी आली की पोड रिकामं, सगळे जंगलात. गाडीसोबत कोणी ना कोणी साहेब असते अन् साहेब म्हटलं की जंगलजमीन, राशनकार्ड, काहीतरी घेऊनच जाणार असा त्यांचा पिढ्यांचा अनुभव. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पहिला कॅम्प तिथं फेल गेला, एकही माणूस नाही. सिस्टर रागावली नाही की कोणाला अडाणी म्हणाली नाही, हे मी स्वतः पाहिलं कारण लॅपटॉप घेऊन मीच सोबत गेलो होतो. ती सरळ गाडी परत पाठवून पायी गेली, नंतर काही आठवडे लसीचं नावच काढलं नाही. गरोदर बाया तपासल्या, लेकरांचे वजन, खरूज होती त्याचं औषध. मग पोडातला जो नाईक आहे त्याच्या बायकोनं आधी घेतली, नाईकानं नंतर. तिला ताप आला, दोन दिवसांनी उतरला, सगळ्या पोडानं तो ताप मोजला म्हणा ना. त्यानंतरच्या कॅम्पला रांग. मेळघाटातही असंच काहीसं झालं म्हणतात, तिथं कोरकू बोलीत सांगावं लागलं अन् भूमकांना म्हणजे त्यांच्या पारंपरिक वैद्यांना सोबत घ्यावं लागलं. तांड्यावर त्रास कमी झाला कारण तिथली आशा तांड्याचीच, गोरमाटीत बोलते, तिच्या सासूनंच पहिला दंड पुढं केला.

आता वाईट दिवस. एप्रिल २०२१. नागपूरला बेड नाही, यवतमाळला बेड नाही, लोक एचआरसीटीचा म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोअर सातबाऱ्यासारखा पाठ करून फिरत होते, रेमडेसिविरसाठी सोनं गहाण. गावात एकच बोलणं, "तिथं जो जाते तो प्लास्टिकमधी येते." आमचे मोठेबाबा तापानं घरी पडलेले, बोलत होते, बिडी मागत होते. आशाताईनं बोटाला मशीन लावलं, ९३. अंगणात सहा मिनिटं चालायला लावलं, ८८. ते म्हणे, "मी तं चांगला बोलून राह्यलो ना माय, मशीन बिघडली अशीन." तिनं मशीन स्वतःच्या बोटाला लावलं, ९८. मग त्यांच्या पोराच्या, ९७. मग परत त्यांच्या. काही बोलली नाही. मोठेबाबांनीच आकडे पाहिले अन् म्हणे गाडी पाहा. या आजारात कधीकधी दम लागत नाही पण आतून ऑक्सिजन कमी होत जाते, हे टीव्हीवर शंभरदा सांगितलं होतं, पटलं ते तीन बोटांत. १०८ आली ती किती उशिरा आली ते लिहीत नाही, ड्रायव्हरची चूक नव्हती, तालुक्यात गाड्याच तेवढ्या. दवाखान्यात आत जाऊ देत नव्हते तर तिनं वार्डातल्या एका सिस्टरचा नंबर मिळवला अन् रोज संध्याकाळी आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना मोठेबाबांचं तोंड दाखवायची. नेटपॅक तिचाच. मोठेबाबा परत आले, पायी चालत वेटाळात शिरले, अन् त्यानंतर आमच्या वेटाळात दवाखान्यात जायला कोणी नाही म्हटलं नाही.

सगळेच नाही आले परत. तेही लिहायला पाहिजे. अन् आरटीपीसीआरचे रिपोर्ट, त्याला मी मायनस देतो. स्वॅब दिला, आठ दिवस काही नाही, माणूस बरा होऊन निंदणाला गेला अन् तिथं फोन की तुम्ही पॉझिटिव्ह आहात घरातच थांबा. एकाला तर नाव बापाचं अन् रिपोर्ट पोराचा. अशा एका रिपोर्टनं जेवढं नुकसान होते तेवढं दहा व्हाट्सअप मेसेजनं होत नाही, कारण मेसेज खोटा असू शकते हे लोकांना माहीत आहे, रिपोर्टवर तर शिक्का होता.

लस घेतल्यावर काही दिवसांनी एक आजोबा वारले. हृदयाचे जुने पेशंट, पण गावात पंधरा मिनिटांत ठरलं लसीनं गेले. पुढच्या कॅम्पला सहा माणसं. त्यावेळेस भोंगा फिरवला असता तर संपलं होतं. पीएचसीचे डॉक्टर तेराव्याच्या आधीच त्या घरी आले, गर्दी नाही, फोटो नाही, खाली सतरंजीवर बसले, जुन्या फायली मागितल्या, एकेक कागद पोरांना वाचून दाखवला. "लसीनं झालं असं मला वाटत नाही, पण मी एकट्यानं ठरवणार नाही, याची नोंद करून वर पाठवतो, तपासणारे वेगळे आहेत." लसीनंतर काही झालं तर त्याची नोंद करायची पद्धतच आहे, पण ती लोकांसमोर केली हे महत्त्वाचं. त्या घरच्या सुनेनं पुढच्या महिन्यात लस घेतली. सगळ्या गावानं पाहिलं, कोणी काही बोललं नाही.

दोन डोसांतल्या अंतराचा गोंधळ आठवते का? आधी ४ ते ६ आठवडे, मग मार्चमध्ये ६ ते ८, मग १३ मे ला १२ ते १६. लोक चिठ्ठीवरची तारीख पाहून मजुरी पाडून येत अन् परत जात. माझ्या सेतूत येऊन मलाच शिव्या, जसं काही मीच आरोग्यमंत्री. सिस्टरनं काय केलं, मोबाईलवर आलेलं पत्र झेरॉक्स करून दारावर लावलं, झेरॉक्स माझ्याचकडची, पैसे दिले तिनं. "मलेबी आज सकाळीच समजलं, मी काल तुमाले चूक तारीख देल्ली ते मले माहीत नव्हतं." बस. सरकारी माणसाच्या तोंडून "मले माहीत नव्हतं" हे आमच्या गावानं पहिल्यांदा ऐकलं असेल. लोक वैतागले, पण तिच्यावर नाही.

मे महिन्यातलं स्लॉटचं प्रकरण मात्र अजूनही डोक्यात जाते. १ मे पासून १८ ते ४४ वाल्यांना सुरू, पण फक्त ऑनलाइन नोंदणी. आमच्याकडं नेट झाडावर चढून येते. स्लॉट उघडला की मी इथं एका मोबाईलवर चार जणांची नावं टाकून तयार, ओटीपी येईपर्यंत सगळं बुक. अन् दुसऱ्या दिवशी पीएचसीसमोर नागपूर-यवतमाळच्या चारचाक्या, एसी चालू ठेवून बसलेले, अन् आमची पोट्टी कुंपणाला टेकून पाहून राहिली की आपल्या दवाखान्यात हे कोण. त्या लोकांचाही दोष नाही, जीव सगळ्यांना प्यारा. पण ज्यानं ती वेबसाईट अशी बनवली त्यानं तालुक्याचं ठिकाणही कधी पाहिलं नसेल. महिन्याच्या मधातच राज्यात लस अपुरी पडली म्हणून या वयाचं थांबवलंही, अन् जूनपासून परत सुरू झालं तेव्हा पायी येणाऱ्यांनाही घ्यायला लागले. त्यानंतर खरी गर्दी झाली. शासनानं जूनमध्येच "कोरोनामुक्त गाव" स्पर्धा काढली, ५० लाखांचं पहिलं बक्षीस. आमचा नंबर कुठंच नाही, सरपंचाला मात्र महिनाभर जोर चढला होता, तेवढ्यात नाल्या साफ झाल्या.

अन् ज्या बायांच्या जिवावर हे सगळं चालू होतं त्यांना केंद्राकडून कोरोनाचे वेगळे महिन्याला १००० रुपये. हजार. १५ जून २०२१ पासून राज्यातल्या आशा संपावर गेल्या, आठवडाभरानं मानधनात हजार अन् वरून पाचशे कोविड भत्ता असं ठरून मिटला. संपात आमच्या आशाताईनं काम बंद ठेवलं पण त्या आठवड्यात एका बाळंतिणीला रात्री घेऊन गेलीच. मी विचारलं तर म्हणे, "संप सरकारसंग हाय, तिच्यासंग कायले?" २०२२ च्या मे मध्ये डब्ल्यूएचओनं देशातल्या सगळ्या आशांचा सन्मान केला, मी तिला मोबाईलवर बातमी दाखवली, तिनं विचारलं पैसे कधी जमा होतीन मागच्या तीन महिन्यांचे.

२०२४ मध्ये परत एकदा घाबराट. एप्रिलच्या शेवटी बातमी आली की ज्या कंपनीची लस म्हणजे आपली कोविशिल्ड, तिनं इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं की क्वचित कोणाला रक्ताच्या गाठी होऊ शकतात. गावातल्या अर्ध्या लोकांच्या छातीत त्याच दिवशी दुखायला लागलं. सीएचओ मॅडम नवीन होत्या, तरी त्यांनी सिस्टरचीच पद्धत उचलली, हो म्हणाल्या. होऊ शकते, हे २०२१ मध्येच समजलं होतं, फार फार कमी लोकांना होते, अन् व्हायचं तर डोसानंतरच्या काही आठवड्यांत होते, तीन वर्षांनी नाही. ज्यांना खरंच छातीत दुखत होतं त्यांचा बीपी मोजला. त्यात दोघांचा बीपी खरंच वाढलेला सापडला, त्यांच्या गोळ्या चालू झाल्या, म्हणजे त्या बातमीचा आम्हाला फायदाच झाला म्हणायचं.

आता सध्याची परिस्थिती, ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. बोर्डावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलं आहे, पेंट नवा, नळ जुना, नळाला पाणी नाही, टाकी बाजूला असून नाही, हे कोणी समजावून सांगितलं तर बरं होईन. संडासला कडी नाही. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या सुरुवातीला मिळतात, वीस तारखेनंतर नशीब. सीएचओ मॅडम व्हिडिओ कॉलवर मोठ्या डॉक्टरला दाखवतात, चांगलं चालते, फक्त रेंज पाहिजे, दुपारी बरी राहते. सिस्टर एकटीच तीन ठिकाणी फिरते म्हणून कुलूप दिसते, कुलूप म्हणजे सिस्टर पोडावर किंवा मिटिंगला. दारावर आशाताईचा नंबर खडूनं लिहिला आहे, आधी तिला फोन लावा मगच या. लेकरांचं लसीकरण बुधवारी, सकाळी दहाच्या आत पोचा, कार्ड विसरू नका, प्यायचं पाणी घरून आणा. कुत्रा चावला तर इंजेक्शन इथं नाही, पीएचसीला. अन् साप चावला तर इथं एक मिनिटही घालवू नका, मांत्रिकाकडं तर नाहीच, सरळ ग्रामीण रुग्णालय, जाता जाता आशाताईला फोन करा म्हणजे ती पुढं कळवून ठेवते.